मध्यावर थांबलेला काटा

१

मराठीत ‘काटा’ ह्या शब्दाला फार कामे करावी लागतात. पायात रुततो तो काटा, भीतीने अंगावर उभा राहतो तो काटा आणि घड्याळात फिरतो तोही काटाच. तराजूच्या दांडीवरील काट्यावरून सबंध तराजूलाच काटा म्हणण्याची रीत पडली आणि ‘काटेतोल’, ‘काटेकोर’ असे चोख शब्द भाषेत आले. ह्या शब्दांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : काटा जे दाखवतो ते खरे असते. अर्थात त्याच भाषेत ‘काटामारी’ हाही शब्द आहे आणि कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

प्रस्तुत लेख मोटारगाडीतल्या एका काट्याविषयी आहे. वाङ्मयीन लेखांच्या पंगतीत इंजिन ऑइलच्या दाबाला पाट कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाला जुन्या गाड्यांच्या इतिहासाचा नाद आहे. दुसरीला गाडी चालवताही येत नाही. तरीही ही हकीकत दोघांना सारखीच अस्वस्थ करून गेली, कारण ती खूण आणि खुणेमागची वस्तू ह्यांच्या नात्याची आहे आणि ते नाते हा तर आमचा वर्गातला रोजचा विषय. एका जपानी कंपनीने आपल्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये ऑइलचा दाब खरोखर मोजणारा काटा दिला. काही वर्षांनी त्याच जागी, तसाच दिसणारा, पण न मोजणारा काटा बसवला. आणि मग त्या गाड्यांच्या मालकांनी पदरमोड करून बाहेरचे मीटर आणून बसवले. गोष्ट एवढीच आहे. पण तिची मुळे त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे मागे जातात, म्हणून ती मुळापासून सांगणे बरे.

२

आधी मोजायचे काय, ते पाहू. इंजिनातला क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगांमध्ये फिरतो त्यांच्यात आणि शाफ्टमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच फट असते. पंपाने रेटलेले ऑइल ह्या फटीत शिरते आणि धातूला धातू लागू देत नाही. शाफ्ट एका अर्थी ऑइलवर तरंगत फिरत असतो. दाब नाहीसा झाला की हा पातळ पडदा फाटतो, बेअरिंग घासू लागते आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होते.

हा दाब एका आकड्यावर कधीच स्थिर नसतो. सकाळी गाडी सुरू करावी तेव्हा ऑइल घट्ट असते, म्हणून दाब जास्त. ऑइल तापून पातळ झाले की दाब उतरतो. ॲक्सिलरेटर दाबला की पंप जोरात फिरतो व दाब चढतो; मात्र एका मर्यादेनंतर व्हॉल्व्ह उघडून त्याला आवर घालतो. शर्यतीच्या गाड्या राखणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे : इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे दर चौरस इंचाला दहा पौंड दाब असावा. म्हणजे तापलेली गाडी सिग्नलला उभी असताना काटा खाली आला, तर ते दुखणे नव्हे; ते इंजिनाचे नेहमीचे श्वासोच्छ्वास आहेत.

तापमानाची गोष्टही वाटते तितकी सरळ नाही, कारण इंजिनात तापमाने दोन असतात : रेडिएटरच्या पाण्याचे आणि ऑइलचे. पाणी लवकर तापते व थर्मोस्टॅटमुळे एका पातळीला राहते. ऑइल मागाहून, सावकाश तापते. पाण्याचा काटा वर आला म्हणून इंजिन तयार झाले असे समजून गाडी दामटणारा माणूस प्रत्यक्षात अजून घट्ट असलेल्या ऑइलवर ती दामटत असतो. उलट शर्यतीच्या मैदानावर पाणी ठीक असतानाही ऑइल १३० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. म्हणून जाणता चालक दोन काटे एकत्र वाचतो. दाब उतरला आहे. ऑइल तापले आहे काय? तापले असेल तर उतार समजण्याजोगा आहे. तापले नसताना दाब उतरला, तर गाडी तत्काळ बाजूला घेतली पाहिजे. एका खुणेचा अर्थ दुसऱ्या खुणेच्या शेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना कवितेच्या तासाला सांगतो. डॅशबोर्डावरही तोच नियम आहे.

३

दाबाला काटा मिळाला तो १८४९ साली. त्यापूर्वी वाफेच्या बॉयलरमधला दाब पाहायचा तर पाऱ्याचा स्तंभ हे खात्रीचे साधन होते. पण एका वातावरणाच्या दाबाला ७६ सेंटिमीटर पारा लागतो. पाच वातावरणांचा दाब मोजायचा म्हणजे जवळजवळ चार मीटर उंचीची काचनळी उभी करावी लागणार. कारखान्यात हे एक वेळ जमेल. धावत्या आगगाडीच्या इंजिनात कसे जमावे? आणि बॉयलर फुटून माणसे मरण्याच्या घटना तर त्या काळात वारंवार घडत.

पॅरिसचे यंत्रज्ञ युजेन बुर्दाँ (१८०८–१८८४) ह्यांनी ह्यावर जो तोडगा काढला तो मुलांच्या खेळण्यासारखा आहे. जत्रेत मिळणारी कागदाची गुंडाळलेली पिपाणी फुंकली की सरळ होते आणि श्वास सोडला की पुन्हा वळते. धातूची चपटी नळी अर्धवर्तुळात वाकवली व तिच्यात दाब सोडला की तीही किंचित उलगडते. तिच्या मिटलेल्या टोकाला लहानशी दातेरी जोडणी करून काटा लावला की झाला दाबमापक. एका वाकड्या झालेल्या नळीचे वेटोळे पाण्याच्या दाबाने नीट करताना ते उलगडू लागले आणि त्यावरून बुर्दाँ ह्यांना ही युक्ती सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात हे उपकरण जगापुढे आले, आणि आजही कारखान्यांतल्या गोल मीटरांमध्ये बुर्दाँची नळी वाकून बसलेली असते.

ह्या उपकरणाचा एक विशेष आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. इथे काटा आणि दाब ह्यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नाही. जो दाब बॉयलर फोडू शकतो तोच दाब नळी उलगडतो आणि तीच नळी काटा हलवते. खूण ही वस्तूपासून वेगळी निघालेली नाही. ती वस्तूच्याच जोराने हलते आहे.

४

मोटारगाडीने मात्र हा वारसा लगेच उचलला नाही. फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही १९०८ ते १९२७ ह्या काळात दीड कोटींच्या संख्येने बनलेली गाडी. तिच्या इंजिनाला ऑइलचा पंपच नव्हता. फिरत्या भागांनी उडवलेल्या ऑइलवर सगळे भागे. दाबच नाही तर मीटर कसला? ऑइलची पातळी पाहायला इंजिनाखाली दोन लहान कॉक दिलेले होते. वरचा उघडून ऑइल आले तर पुरेसे आहे. खालच्यातूनही आले नाही तर धोका आहे. त्यासाठी गाडी थांबवून खाली वाकावे, प्रसंगी आडवेही व्हावे लागे.

चालकाला आसनावर बसून इंजिनाची तब्येत कळावी ही सोय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली ती बाहेरून. हॅरिसन बॉइस ह्यांच्या नावाने १९१२ च्या सुमारास अमेरिकेत ‘मोटोमीटर’ निघाला. रेडिएटरच्या झाकणावर उभा बसवायचा हा एक थर्मामीटर होता. रेडिएटरच्या वरच्या भागातली वाफ तापली की त्याच्या नळीतला रंगीत द्रव चढे आणि चालकाला तो समोरच्या काचेतून दिसे. कित्येक गाड्यांना तो कंपनी फिटिंगचा नसे. मालक स्वतः विकत आणून लावीत. बाहेरच्या मीटरचा इतिहास असा मोटारयुगाच्या बाल्यावस्थेतच सुरू होतो. कंपनीने जे सांगितले नाही ते जाणून घेण्याची मालकाची इच्छा, एवढेच त्याचे भांडवल.

५

ह्या इच्छेला सर्वांत देखणे रूप मिळाले ते इंग्लंडमधल्या दोन आसनी, उघड्या स्पोर्ट्स गाड्यांत. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथे बनणाऱ्या एमजी गाड्या दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या संख्येने अमेरिकेला गेल्या. त्यांतली एमजीबी ही १९६२ ते १९८० ह्या काळात पाच लाखांहून अधिक बनली. ह्या गाड्यांच्या डॅशबोर्डावर स्मिथ्स किंवा येगर ह्या नावांचे, काळ्या तबकडीवर पांढऱ्या अक्षरांचे मीटर असत. त्यांत एक जोडमीटर विशेष प्रसिद्ध होता : एकाच तबकडीवर अर्ध्या भागात ऑइलचा दाब आणि अर्ध्या भागात पाण्याचे तापमान.

ह्या जोडमीटरच्या पोटात पाहिले तर दोन्ही बाजूंना बुर्दाँचीच नळी आढळते. दाबाच्या बाजूला इंजिनातले ऑइलच बारीक नळीतून डॅशबोर्डापर्यंत येते. तापमानाच्या बाजूला इथरने भरलेला एक लहान फुगा इंजिनाच्या पाण्यात बुडवलेला असतो. पाणी तापले की इथरच्या वाफेचा दाब वाढतो आणि केसासारख्या बारीक नळीतून तो दुसऱ्या काट्यापर्यंत पोचतो. म्हणजे तापमानाचा काटाही वस्तुतः दाबच वाचतो. ही नळी तुटली की इथर उडून जातो आणि काटा मुका होतो. जुन्या गाड्यांचे शौकीन अशी तुटलेली नळी दुसऱ्या मीटरच्या नळीला डाख देऊन जोडतात; त्या वेळी इथरचा फुगा बर्फ आणि मीठ ह्यांच्या मिश्रणात ठेवतात, कारण इथर ३५ अंशांच्या आतच उकळतो. एक काटा बोलता राहावा म्हणून माणसे किती खटपट करतात, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

स्पोर्ट्स कारमध्येच ह्या काट्यांना एवढे महत्त्व का? वेगमापक आपण बऱ्याच अंशी दुसऱ्यांसाठी पाहतो, पोलिसांसाठी वा वाटेवरच्यांसाठी. ऑइलचा काटा केवळ गाडीसाठी पाहायचा असतो. वळणावर गाडी जोरात घातली की खालच्या टाकीतले ऑइल एका अंगाला सरकते. त्याची पातळी कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी क्षणभर हवा येते आणि काटा थरथरतो. ती थरथर ज्याने पाहिली तो गाडी थांबवून ऑइल भरतो. ज्याने पाहिली नाही त्याला ती गोष्ट इंजिनाच्या आवाजावरून, फार उशिरा कळते.

६

ह्याच काळात सर्वसामान्य गाड्यांतून मात्र काटा हद्दपार होत होता. अमेरिकेत हडसन कंपनीने १९३० च्या दशकातच काट्याऐवजी इशारा देणारे दिवे आणले. पुढे बहुतेक कंपन्यांनी तोच मार्ग धरला. ऑइलच्या किटलीचे चित्र असलेला तांबडा दिवा आज कोणत्याही गाडीत किल्ली फिरवताच उजळतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. अमेरिकन गाडीशौकिनांनी त्याला ‘ईडियट लाइट’, म्हणजे मूर्खांचा दिवा, असे तुच्छतादर्शक नाव दिले.

हे नाव अन्यायाचे आहे असे आम्हांला वाटते. दिवा फसवत नाही. दाब अगदी थोडा उरला की तो लागतो आणि तेवढेच सांगण्याचे त्याने कबूल केलेले असते. रात्री पावसात गाडी हाकणाऱ्या माणसाचे लक्ष काट्याकडे जाणार नाही, तांबड्या दिव्याकडे जाईल. त्याची मर्यादा एवढीच की तो ‘आहे’ आणि ‘नाही’ ह्या दोनच शब्दांत बोलतो. दाब चाळीसवरून पंचवीसवर का आला, ह्याविषयी तो गप्प असतो. तो बोलतो तेव्हा बहुधा निर्वाणीची वेळ आलेली असते. पण त्याचे रूप आणि त्याचे बोलणे ह्यांत विसंगती नाही. दिवा दिव्यासारखाच दिसतो.

विसंगती पुढच्या टप्प्यावर निर्माण झाली.

७

अमेरिकन मोटार-पत्रकार बॉब हॉल ह्यांनी १९७९ साली माझदा कंपनीचे केनिची यामामोतो ह्यांना सुचवले की, इंग्रजांच्या त्या साध्या उघड्या गाड्या आता लोप पावत आहेत. तशी गाडी तुम्ही बनवा. पुढल्याच वर्षी ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला. हिरोशिमाच्या माझदाने बरीच वर्षे विचार करून, तोशिहिको हिराई ह्यांच्या नेतृत्वाखाली ही गाडी घडवली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम दाखवली. एमएक्स-५ हे तिचे नाव. अमेरिकेत तिला ‘मिआटा’ म्हणतात. २०१६ साली ह्या मालिकेतली दहा लाखावी गाडी बनली.

हिराई ह्यांनी ह्या गाडीसाठी ‘जिनबा इत्ताई’ हे सूत्र धरले होते. घोडा आणि स्वार एकरूप होणे, असा त्याचा अर्थ. घोड्यावरून तिरंदाजी करणाऱ्यांच्या परंपरेशी तो जोडलेला आहे. सूत्र केवळ जाहिरातीचे नव्हते. गाडी हलकी ठेवली होती, गियरचा दांडा आखूड होता, आणि चालकासमोर इंग्रजी वळणाच्या पाच गोल तबकड्या होत्या. त्यांत ऑइलच्या दाबाची एक होती. काटा खरा होता. सकाळी वर जाई, गाडी तापली की उतरे, सिग्नलला आणखी उतरे. मांडीखालच्या घोड्याचा श्वास स्वाराला कळावा, तसा.

अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांत १९९५ च्या मॉडेलपासून हे बदलले. तबकडी राहिली, काटा राहिला. इंजिनावरचा दाब मोजणारा सेंडर गेला आणि त्या जागी तांबड्या दिव्याला असते तशी साधी कळ आली. दाब थोडासा जरी असला तरी कळ मिटते आणि काटा मध्याच्या आसपास जाऊन थांबतो. दाब वीस असो की साठ, काटा तिथेच. दाब जवळजवळ संपला की मगच तो पडतो. थोडक्यात, काट्याचा वेष घेतलेला दिवा. असे करणारी माझदा एकटी नव्हती. अमेरिकेत फोर्डनेही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या अनेक गाड्यांत हीच युक्ती योजली होती. पाण्याच्या तापमानाच्या काट्यालाही आधुनिक गाड्यांत असेच शांत केलेले असते : तापमानाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो मध्यावरून ढळत नाही आणि ढळतो तेव्हा पाणी उकळीला आलेले असते.

असे का केले? सर्वसाधारणपणे दिले जाणारे कारण दुष्टपणाचे नाही. तापलेली गाडी सिग्नलला थांबली की काटा खाली येई, मालक घाबरे आणि गाडी घेऊन सर्व्हिस सेंटर गाठी. तिथे त्याला सांगावे लागे की गाडी धडधाकट आहे. हे पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा काटाच हलला नाही तर? मालकाला काटा वाचायला शिकवणे अवघड. काट्याला गप्प बसवणे सोपे. कळ सेंडरपेक्षा स्वस्तही पडते. ह्यात गाडीचे लगेच काही बिघडत नाही. बिघडते ते वेगळेच : मालकाला वाटते की आपण पाहतो आहोत, आणि ह्या समजुतीमुळे तो पाहण्याची दुसरी सोय करीत नाही. दिव्याने निदान ही समजूत दिली नसती.

८

ज्यांना हे कळले त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली अशी की १९९५ पूर्वीच्या गाडीतला खरा मीटर आणि त्याचा सेंडर मिळवून आपल्या गाडीत बसवायचे. म्हणजे कंपनीचाच जुना शब्द कंपनीला परत ऐकवायचा. दुसरी वाट बाहेरचे मीटर बसवण्याची. ५२ मिलिमीटर व्यासाचे दोन किंवा तीन मीटर घ्यायचे, ऑइलचा दाब, ऑइलचे तापमान आणि जमल्यास पाण्याचे तापमान, आणि त्यांना गाडीत जागा करायची. ह्या गाडीच्या डॅशबोर्डावर हवेसाठी गोल झरोके आहेत. काहींनी एक झरोका काढून तिथे मीटर बसवला, काहींनी समोरच्या काचेच्या कडेच्या खांबावर.

ह्या कामातली पहिली अडचण भाषेची असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दाबाची कळ इंजिनाच्या ज्या भोकात बसते त्याचे आटे ब्रिटिश पद्धतीचे आहेत. जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनी १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. अमेरिकेत विल्यम सेलर्स ह्यांनी १८६४ साली ६० अंशांचा पुरस्कार केला. जपानने नळ्यांच्या बाबतीत इंग्रजी वळण घेतले. परिणामी हिरोशिमात बनलेल्या इंजिनावर इंचाला २८ आटे आणि अमेरिकेत विकत घेतलेल्या मीटरच्या सेंडरवर २७. दोन्हींचे नाव ‘एक अष्टमांश इंच’च, आणि प्रत्यक्षात दोन्ही जवळजवळ दहा मिलिमीटर जाडीचे. हाताने फिरवले तर एक-दोन वेढे बसतातही. मग पान्याचा जोर लावला की आटे मरतात, किंवा वरवर घट्ट बसलेल्या जोडातून ऑइल झिरपत राहते. दीड शतकापूर्वीचा मतभेद असा एकविसाव्या शतकात कुणाच्या तरी घरच्या गॅरेजमध्ये थेंब थेंब गळतो. त्यावर उपाय म्हणजे दोन्हींमध्ये बसणारा लहान पितळी जोड, एका अर्थी दुभाषी.

पुढे, मूळची कळ काढून न टाकता टी-आकाराच्या जोडाने कळ आणि नवा सेंडर दोन्ही ठेवता येतात. पण सेंडर जड असतो, इंजिन थरथरते आणि नुसत्या पितळी जोडावर टांगलेला सेंडर कालांतराने जोडासकट मोडू शकतो. म्हणून काळजीवाहू मालक मधे लवचिक नळी घालून सेंडर गाडीच्या अंगाला पक्का करतात. असे केले की सेंडरला इंजिनातून आपोआप मिळणारे अर्थिंग तुटते. त्याची वेगळी वायर द्यावी लागते. आट्यांवर टेप जास्त गुंडाळली तरी तोच घोटाळा. ऑइलच्या तापमानासाठी ऑइल फिल्टर आणि इंजिन ह्यांच्यामध्ये एक चकती बसवतात व तिच्यात सेन्सर खोवतात. फिल्टरचे आटे मात्र मेट्रिक. एकाच इंजिनावर अशा दोन बोली नांदतात.

मीटर आणि सेंडर ह्यांचेही जमावे लागते. विजेच्या मीटरमध्ये दाब थेट काट्यापर्यंत येत नाही. सेंडर दाबाचे विजेच्या रोधात रूपांतर करतो आणि मीटर तो रोध वाचतो. जर्मन व्हीडीओच्या प्रचलित पद्धतीत दाब वाढला की रोध १० ओहमपासून १८० पर्यंत वाढत जातो. अमेरिकन स्टुअर्ट-वॉर्नरच्या पद्धतीत तो २४० पासून ३३ पर्यंत उतरतो. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या मीटरला जोडला तर दाब वाढताना काटा खाली येईल. दोन्ही भाग निर्दोष आणि तरी वाक्य उलटे. खूण आणि अर्थ ह्यांचे नाते संकेताने ठरते, हे शिकवायला आम्ही वर्गात ‘वृक्ष’, ‘झाड’, ‘पेड’ अशी उदाहरणे देतो. आता हेही देऊ.

शेवटी पडताळा. तापमानाचा सेन्सर उकळत्या पाण्यात धरून काटा शंभरावर येतो का, ते पाहतात. (समुद्रसपाटीला शंभर, पुण्यात हाच प्रयोग केला तर पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळेल, हे ध्यानात ठेवावे.) दाबाच्या मीटरचा पडताळा यांत्रिक मीटरशी घेतात, आणि त्या मीटरच्या पोटात पुन्हा बुर्दाँची वाकडी नळी असते.

९

मीटर बसले, वायरी झाकल्या गेल्या, गाडी सुरू झाली. पहिल्याच दिवशी तापलेली गाडी सिग्नलला थांबते आणि नवा काटा खाली येऊ लागतो. मालकाच्या पोटात गोळा येतो. ज्या भीतीपोटी कंपनीने काटा बांधून ठेवला होता, तीच ही भीती. फरक एवढाच की ह्या माणसाने ती विकत घेतली आहे आणि आता त्याला काटा वाचायला शिकावे लागणार आहे. महिना-दोन महिन्यांत त्याला आपल्या गाडीची सकाळ, दुपार, घाट, पाऊस सगळे काट्यावर ओळखू येते. इथे हेही कबूल केले पाहिजे की प्रत्येक नवा जोड ही गळतीची नवी जागा असते. खरे जाणून घेण्याच्या खटपटीतच इंजिन गमावलेले मालकही असू शकतात. खरा काटा फुकट मिळत नाही आणि तो निर्धोकही नसतो.

हे लिहीत असताना आमच्या मनात गाडीपेक्षा दुसरीच गोष्ट होती. आमच्या हातातही काटे आहेत. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरताना वर्गातल्या बहुतेकांना वीसपैकी पंधरा-सोळा देण्याची सवय आम्हांला कधी लागली, ते आठवत नाही. कमी दिले की विद्यार्थी खट्टू होतो, पालक येतात, विभागाच्या निकालावर परिणाम होतो. पंधरा दिले की कोणी येत नाही. ओळखीच्या लेखकाच्या पुस्तकावर लिहितानाही हेच होते : ‘आश्वासक’, ‘लक्षणीय’, ‘दखलपात्र’. ह्या शब्दांचा काटा कोणत्याही पुस्तकाला मध्याच्या किंचित वर थांबतो. आमच्याही मनात दुष्टपणा नसतो. शिकवण्यापेक्षा गप्प बसवणे सोपे असते, इतकेच.

काही वर्षांपूर्वी आमची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली होती. एम.ए.पर्यंत तिला आमच्याकडून सतत चांगले गुण मिळाले होते. नंतर सेटच्या परीक्षेत ती तीनदा अनुत्तीर्ण झाली आणि तिने पाठवलेले दोन लेख परत आले. ती चिडली नव्हती. चहा पिऊन झाल्यावर तिने शांतपणे विचारले, “मॅडम, माझं लिहिणं कच्चं आहे हे तुम्हांला पहिल्याच वर्षी कळलं असेल ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिने मग स्वतःच्या खर्चाने वेगळे मार्गदर्शन घेतले. बाहेरचा मीटर बसवला, असे आज म्हणावेसे वाटते.

गेल्या सत्रापासून आम्ही प्रत्येक निबंधावर गुणांखाली चार ओळी लिहितो : काय जमले, काय जमले नाही, आणि का. गुणही थोडे हलू लागले आहेत. तक्रारी आल्या आहेत. दोन पालक भेटून गेले. एका विद्यार्थ्याने आठवडाभर वर्गात यायचेच बंद केले. तो परत आला तेव्हा त्याला जवळ बसवून त्याच्याच निबंधातले एक वाक्य दोघांनी मिळून तीनदा लिहून पाहिले. सबंध तास त्यात गेला. उरलेल्या चव्वेचाळीस जणांसाठी तेवढे तास कुठून आणायचे, हे अजून सुटलेले नाही.